अण्णांनी सातवीत सोडलेली शाळा

देव प्रत्येकाला जन्माला घालताना त्याच्या वाट्याचं सुखदुःख पदरात बांधून पाठवत असेल, तर आमच्या घरमालक अण्णांचं गाठोडं वरच राहून गेलं आहे. नाहीतर सत्तरी ओलांडलेला, पेन्शन वेळेवर येणारा, दात शाबूत असलेला माणूस सकाळी आंघोळ झाल्याझाल्या आज गल्लीत कुणाचं काय बिनसलंय याची चौकशी करत कशाला फिरेल? आणि नुसती चौकशी करून थांबतील तर ते अण्णा कसले! जे काही सापडेल ते उचलून घरी घेऊन येतात. बेंगळुरूतल्या येलहंक्याच्या आमच्या गल्लीत सर्दी कुणालाही होवो, काढा अण्णा पितात. समोरच्या बाईंचा कुकर फुटला, तर त्या दिवशी भात अण्णांना जात नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा मेहुणा पोलिसात भरती झाला, तर अण्णा दोन दिवस छाती पुढे काढून चालतात आणि सिग्नलपाशी उगाच रहदारीकडे करड्या नजरेनं बघत उभे राहतात.

मी त्यांचा भाडेकरू. मूळचा आटपाडीकडचा. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, ती गलाई. सातवीतून शाळा सुटली आणि गावच्याच एका शेठच्या मागं मी बेंगळुरूत आलो, तो इथलाच झालो. भट्टीच्या आगीला मी कधी भ्यालो नाही, पण टेबलाच्या पलीकडं बसलेल्या माणसाला भितो. बँक असो, दवाखाना असो, टेबल दिसलं की माझ्या तळहातांना घाम सुटतो आणि येत असलेले शब्दही पळून जातात. अशा माणसाला या परक्या शहरात मराठी बोलणारा घरमालक भेटला, याबद्दल मी रोज हात जोडतो. आता अण्णांच्या मराठीला मराठी म्हणावं की नाही, हा प्रश्न वेगळा. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले म्हणे. अण्णा हे अशा थाटात सांगतात, की ते घोडं अजून मागच्या अंगणात बांधलेलं असावं. एवढ्या वर्षांत त्या मराठीत निम्मं कन्नड मुरलंय. खोली बघायला गेलो तेव्हा म्हणाले, “ये तम्मा, स्वल्प बैस. ऊट झालं काय?” तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, स्वल्प म्हणजे जरासं आणि ऊट म्हणजे जेवण, हे मला नंतर कळलं. मी आपली अंदाजानं ‘नाही’ म्हणून मान हलवली, तर अण्णांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. “अय्यो, सकाळपासून काही नाही?” म्हणून ते आत गेले आणि माझ्या ताटाशेजारी स्वतःचंही ताट मांडून दुसऱ्यांदा जेवले.

त्यांच्या या स्वभावाचा सगळ्यात जास्त ताप अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला. घरात ही दोघंच, त्यामुळं वाटून घ्यायलाही कुणी नाही. एकदा वरच्या मजल्यावरच्या नवराबायकोचं कशावरून तरी वाजलं. अण्णा सकाळी बायकोची बाजू ऐकून आले, ते नवऱ्यावर दात खात. संध्याकाळी जिन्यात नवरा भेटला. त्याचं ऐकून घरी आले आणि अक्कांशी बोलेनात. अक्का विचारतात, “अहो, मी काय केलं?” अण्णा म्हणतात, “ते तू स्वतःलाच विचार!” वरची दोघं दुसऱ्या दिवशी गोडीगुलाबीनं सिनेमाला गेली, पण ही बातमी अण्णांना कुणी दिलीच नाही. त्यामुळं आमच्या खालच्या घरातला अबोला पुढं तसाच चालू राहिला. शेवटी अक्का माझ्या दारात येऊन म्हणाल्या, “वर जाऊन त्या दोघांना खाली पाठव बाबा. म्हणावं, तुमचं मिटलंय ते ह्यांना दाखवून जा. भांडण त्यांचं, आणि चार दिवस भिंतीशी बोलतेय मी.”

माझ्या पोटदुखीचंही तेच झालं. डॉक्टरांपुढं मला बोलता येणार नाही, म्हणून अण्णा दुभाषी म्हणून आले. सुरुवात बरी होती. “याच्या पोटात उजवीकडं कळ येते,” असं त्यांनी सांगितलं. मग कळ कशी येते ते सांगताना त्यांनी स्वतःचं पोट धरलं, मग ते वाकले, मग कण्हले. डॉक्टर तरुण होते, त्यांनी घाईनं अण्णांनाच आडवं केलं. मी कोपऱ्यात उभा राहून बघतोय, अण्णांचं पोट दाबून बघितलं जातंय, अण्णा “हां, इथंच, इथंच” म्हणतायत आणि मी मनातल्या मनात म्हणतोय, नाही हो, स्वल्प खाली. त्यांनी इंजेक्शन घेतलं, रिक्षात मी त्यांना धरून बसलो, घरी आणून झोपवलं, अक्कांनी ओव्याचं पाणी केलं. या सगळ्या गडबडीत माझं पोट कधी थांबलं ते मला कळलंही नाही. ते बरं कशानं झालं, हे आजही नीट सांगता येत नाही. मी एकदा अक्कांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मला काय विचारतोस? माझा सगळा ओवा संपला, एवढं मला ठाऊक.”

हसण्यावारी नेण्यासारखंच हे, पण परमुलखात एकट्या राहणाऱ्या माणसाला विचारा. बायको आणि तनू, माझी मुलगी, गावाकडं होत्या तेव्हा रविवारची दुपार मला खायला उठायची. अण्णा पायरीवर येऊन बसायचे आणि “सांग” म्हणायचे. काय सांग, ते नाही, नुसतं “सांग.” मी गावचं काहीबाही सांगायचो. आमच्या विहिरीचं सांगितलं, तर आटपाडी नकाशातही न बघितलेले अण्णा “या साली पाणी कुठवर असेल रे?” म्हणून हळहळत बसायचे. एका दुपारी माझी शाळा कशी सुटली तेही सांगून टाकलं. का सांगितलं कुणास ठाऊक. बायकोलाही ते मी कधी इतकं सगळं सांगितलं नव्हतं.

पुढं अक्कांच्याच आग्रहावरून मी बायकोला आणि तनूला इकडं आणलं. तनू महिन्याभरात अक्कांशी कन्नडमध्ये भांडायला लागली. पण तिला पहिलीत घालायचं होतं, आणि तिथं घोडं अडलं. गावाहून माझ्या म्हाताऱ्या बापानं फोनवर निक्षून सांगितलं होतं, “जूनपर्यंत तिथं शाळा मिळत नसंल तर पोरीला आणि सुनंला इकडं लावून दे. पोरीचं वर्ष घालवू नको.” म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन शाळांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. दोन्हीकडं आईवडिलांचं शिक्षण विचारलं, आणि दोन्हीकडं टेबलापुढं माझी वाचा बसली. तिसरी शाळा उरली होती. तीही गेली, तर मी पुन्हा एकटा, आणि माझा संसार पुन्हा फोनवर. मुलाखतीच्या दिवशी बायको घरी देव पाण्यात घालून बसली. मी तनूचा हात धरून निघालो, तर दारात इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा उभे. “मी बोलतो,” म्हणाले. “तू फक्त शेजारी बैस.” आतून अक्का ओरडल्या, “अहो, तुमची मुलाखत नाही ती!”

शाळेत गेलो तर बाहेरच्या बाकावरच अण्णांची अवस्था बघवेना. कपाळावर घाम, पाय हलतायत, तिथल्या पिंपातलं पाणी पितायत. शिपायानं पुढं केलेल्या वहीत त्यांनी नावापुढं सवयीनं ‘रिटायर हेडक्लार्क’ असंही लिहिलं, आणि शिपाई ती वही आत घेऊन गेला. “तम्मा, बाई नाही म्हणाल्या तर?” असं एकसारखं मलाच विचारतायत. त्यांना धीर देता देता मला भ्यायला वेळच मिळाला नाही. आत बोलावलं. मुख्याध्यापिका बाई वयानं मोठ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी आम्हा दोघांकडं पाहिलं आणि जो जास्त घाबरलेला दिसतोय तोच मुलीचा पालक असणार, असं धरून अण्णांना कन्नडमधून विचारलं, “काय करता आपण?”

“सोनं वितळवतो,” अण्णा म्हणाले.

मला वाटलं, माझ्या वतीनं बोलतायत. कन्नड मला समजतं, बोलताना तेवढं अडखळायला होतं.

“शिक्षण?”

“सातवी,” अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. “सातवीत सुटली हो माझी शाळा. गुरुजी घरी आले होते, मॅडम. पोरगं बरं आहे, काढू नका म्हणाले. आईनं चहा ठेवला. वडील काही बोललेच नाहीत, खाली जमिनीकडं बघत राहिले. मी दाराआड उभा. गुरुजी अर्धाच चहा पिऊन उठले. मला वाटलं, कप पुरता रिकामा होईपर्यंत तरी थांबतील, तेवढ्यात वडील काहीतरी बोलतील. पण ते गेले. मग मी आत येऊन तो कप विसळला.”

अण्णांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. हे सगळं माझंच होतं, कपासकट. पण दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्या भाषेत ऐकताना पहिल्यांदाच वाटलं, अरेरे, बिचारं पोरगं. ते पोरगं म्हणजे मी, हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

बाईंनी चष्मा काढला. “पण या वहीत तर आपण लिहिलंय, की सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालात?”

“झालो की. बी.ए. करून.”

“मग सातवीत शाळा कुणी सोडली?”

“मीच,” अण्णा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, स्वतःच्या शर्टाकडं बघितलं. “म्हणजे यानं. म्हणजे सोडली यानं, मॅडम, पण...” ते खरोखरच गोंधळले होते.

बाईंचा आवाज बदलला. “हे बघा, माझ्याकडं खोटी माणसं उभी करून सीट मागणारे पुष्कळ येतात. मला एवढंच सांगा, या मुलीचे वडील कोण?”

संपलं, मला वाटलं. ही तिसरीही गेली. शेजारी अण्णांचा हात आपोआप वर जायला निघाला होता, तो मी धरून खाली केला. आणि माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये म्हणालो, “मी, मॅडम. सातवीच शिकलोय. सोनं मी वितळवतो. हे बोलले ते सगळं खरं आहे, फक्त ते माझं आहे.”

“आणि रडतायत हे?”

“आमच्या घरात रडायचं काम यांच्याकडं आहे,” मी म्हणालो. यात विनोद करण्याचा माझा काही हेतू नव्हता. खरं तेच सांगितलं.

तनू एवढा वेळ टेबलावरचा काचेचा गोळा बघत होती. ती अक्कांच्या ठसक्यात म्हणाली, “तुम्ही यांना पाणी द्या. मग ते गप बसतात.”

बाई आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मग त्यांनी पाणी मागवलं, अण्णांना दिलं, आणि अण्णा पीत असताना तनूला आकडे विचारले, रंग विचारले, घरी कोण कोण आहे ते विचारलं. या शेवटच्या प्रश्नाला तनूनं सगळी गल्ली सांगितली. शेवटी बाई मला म्हणाल्या, “सोमवारी घेऊन या हिला. पण सोडायला दोघांपैकी एकच जण या. माझ्याकडं पाणी बेताचंच असतं.”

घरी आलो तेव्हा अण्णांना चालवत नव्हतं, इतका आनंद त्यांना झाला होता. अक्कांनी दार उघडलं, त्यांच्याकडं एक नजर टाकली आणि मला विचारलं, “सीट कुणाला मिळाली? तनूला का ह्यांना?” आत माझी बायको हसली आणि मग बराच वेळ तिनं पदर तोंडाला लावून धरला. त्या दिवशी गल्लीत म्हैसूरपाक अण्णांनी वाटला. लोकांनी अभिनंदनही त्यांचंच केलं. मी मागं डबा धरून उभा होतो, आणि खरं सांगतो, मला काही कमी पडलं नाही.

सोमवारी बाईंचं न ऐकता आम्ही दोघंही गेलो. अण्णांचं काय होणार हे ओळखून मी एक जास्तीचा रुमाल खिशात ठेवला होता. फाटकापाशी तनूनं माझं बोट सोडलं. दप्तर तिच्या पाठीपेक्षा मोठं होतं. ती दोन पोरांच्या मधून आत शिरली, वळून बघायचं तिला सुचलंही नाही, आणि फाटक बंद झालं. माझ्या घशात काहीतरी येऊन बसलं. मी रुमाल काढून अण्णांकडं वळलो.

अण्णांचे डोळे कोरडे होते. ते फाटकाकडं बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, वाचता न येणाऱ्या लिपीतली पाटी माणूस बघतो तसे.

“तम्मा, काय होतंय तुला?” त्यांनी हळूच विचारलं.

“काही नाही अण्णा. घशात जरा...”

“दुखतंय?”

“दुखत नाही. बरंच वाटतंय. पण...”

अण्णांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला, तिथं काही सापडतंय का अशा अंदाजानं. मग तो हात खाली घेतला.

“असं होतं होय,” ते म्हणाले. “हे मला ठाऊक नाही रे. मी आणि अक्का, आम्ही कुणाला असं सोडायला कधी आलोच नाही.”

रुमाल माझ्या हातात होता, शेवटी डोळे माझेच पुसले. आत घंटा झाली, पोरांचा कालवा एकदम थांबला. बाकीचे आईबाप पांगले. मी “चला” म्हणणार, तेवढ्यात अण्णांनी माझी बाही धरली.

“स्वल्प थांबू या,” ते म्हणाले. “आणि सांग.”