पट्ट्या लावल्या की शिवायचं नाही

रविवारी दुपारी मी सहामाहीचे पेपर तपासत होते आणि भिंतीपलीकडून यास्मिनची किंकाळी आली, "काकू, या की लवकर, अम्मी पडली!" धावले. मुमताजभाभी शिलाई मशीनशेजारी आडव्या पडल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांना टेन्स नावाच्या दुखणं कमी करणाऱ्या यंत्राच्या पट्ट्या चिकटलेल्या. त्यांची लेक यास्मिन चार हात लांब, लाकडी पाटावर उभी होती. मी मनगट धरलं. नाडी नव्हती... या गोष्टीला दीड महिना झाला, तरी मला भाभींचा चेहरा आठवत नाही, तो पाट आठवतो.

भाभींनी पंचवीस वर्षं आमच्या गल्लीचे ब्लाउज पायमशीनवर शिवले. शेवटी गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, झीज नुकती सुरू झालीय, घाबरू नका. फिजिओथेरपिस्ट मुलीनं व्यायाम दिले आणि दुखणं कमी व्हावं म्हणून बॅटरीवरचं ते छोटं यंत्र दाखवलं. हलका करंट नसांना मुंग्या आणतो, दुखणं दबतं. करंट म्हटल्याबरोबर भाभी उठल्याच. "मारायला आणलंय व्हय मला, बाई?" कारण मला ठाऊक होतं. माहेरी, कोडोलीला, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक त्यांच्या भावाला बसला, आईनं धावत जाऊन त्याला धरलं, आणि एका दिवसात घरातून दोन मयती निघाल्या. भाभी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, बांधावर उभ्या होत्या.

मी आधी माझ्या गुडघ्याला पट्ट्या लावून दाखवल्या, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. पण अट घातली. "पट्ट्या लावल्या की मला कुणी शिवायचं न्हाय. पाटावर उभं ऱ्हायाचं." मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी हसत हसत पाटावर उभी राहिले! चेष्टा भरपूर केली, पण हात लावला तर काही होत नाही, हे एकदाही धड सांगितलं नाही. उगाच वाद कशाला, त्या पट्ट्या उपटून टाकतील, असं वाटलं. आणि गुण येत होता. "गुदगुल्या करतंय की हे," म्हणत भाभी पंधरा दिवसांत भिंत न धरता जिना उतरायला लागल्या. मी स्वतःवरच खूश होते.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकाराचा झटका, यंत्राचा काही संबंध नाही. त्या पडल्याबरोबर कुणी छाती दाबून हृदय सुरू करायला बघितलं असतं, तरी बहुधा उपयोग झाला नसता. त्या 'बहुधा'नं माझी झोप उडवलीय. यास्मिननं आधी मेन स्विच बंद केला, मग काठी शोधली, मग मला हाक मारली. भिंतीवरच्या स्विचचा आणि बॅटरीच्या यंत्राचा काय संबंध, हे तिला कुणी सांगायचं होतं? मीच की.

भाभींच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "काकू, मी तवा हात लावला असता, तर मलाबी करंट धरला असता. व्हय का न्हाय?" तिचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते.

"होय," म्हणाले मी.

ज्या पुरवणीसाठी मी हे लिहितेय, ती यास्मिन दर आठवड्याला वाचते. म्हणून हे छापायला देण्याआधी मला पलीकडे जायचंय. माझ्या गुडघ्याला पट्ट्या लावायच्या, यंत्र सुरू करायचं आणि तिचा हात धरून माझ्या पायावर ठेवायचा. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलेय. तिला काहीसुद्धा होणार नाही... मला त्याचीच भीती वाटते.