शनिवारचा पिक्चर, सुरुवातीपासून

माझी भाची कल्याणला राहते आणि ठाण्याला नौपाड्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघते. शनिवारी तिला अर्धा दिवस असतो. माझं घर तिथून दोन गल्ल्या सोडून, म्हणून ती दुपारी माझ्याकडे येते, जेवते आणि आम्ही दोघी एक पिक्चर बघतो. कित्येक वर्षं हा नेम आहे. पिक्चर प्रेमाचा आणि हसरा हवा. मारामारी नको, भूत नको. निवडायचं काम माझं. कुणी काही सुचवलं की मी फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवते, दूध आणि इस्त्रीच्या हिशोबाखाली.

आणखी एक अट आहे. सबटायटल्स हवीत. भाचीचा डावा कान लहानपणी तापात गेला. उजव्या कानाला मशीन आहे, केसांखाली असतं, दिसत नाही. समोरासमोर बोललात तर तिला सगळं कळतं. टीव्हीतली माणसं मात्र पाठमोरी बोलतात, गाण्याच्या वर बोलतात. म्हणून खाली ओळी. मलाही त्यांची सवय झाली आहे. नजरानजर व्हायच्या आत कंसात ‘हळुवार संगीत’ असं येतं आणि आम्ही एकमेकींकडे बघतो, पडले आता प्रेमात.

या पिक्चरांत बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी लपवलेलं असतं. मोडलेलं लग्न, गेलेली नोकरी, एखादा आजार. मध्यंतराच्या सुमारास ते फुटतं, भांडण होतं, आणि शेवटी शंभर माणसांदेखत दुसरा सांगतो की तू आहेस तशीच हवी आहेस. भाची एकदा मटार सोलता सोलता म्हणाली, "यांचं काय जातं गं मावशी लपवायला? लिहिणाऱ्याला माहितीये, शेवटी माफी मिळणार आहे."

तिच्या बाबतीत शेवटी काय होणार, ते कुणालाच माहीत नव्हतं. दोन चांगली स्थळं आली होती. माझ्या ताईनं, म्हणजे तिच्या आईनं, दोन्ही वेळा फोनवर कानाचं आधीच सांगितलं आणि दोन्हीकडून ‘कळवतो’ असं उत्तर आलं. नंतर कुणीच काही कळवलं नाही. म्हणून डोंबिवलीचं स्थळ आलं तेव्हा ताईनं ठरवलं की आधी भेटू देत, आवडू देत, मग सांगू. भाचीला ते पटलं नव्हतं. पण मुलगा तिला पहिल्याच भेटीत आवडला होता, आणि तोही ‘कळवतो’ म्हणून निघून जाईल याची धास्ती तिला आईपेक्षा जास्त होती. ती गप्प राहिली.

दुसऱ्या भेटीसाठी मुलानं सुचवलं, थिएटरला जाऊ. तिथे ओळी नसतात. ताईनं घाईघाईनं सांगून टाकलं की मुलगी शनिवारी मावशीकडेच असते, तुम्ही आणि तुमची आई तिकडेच या, घरीच बघू. मग मला फोन.

बसायची व्यवस्था मी केली. मुलगा भाचीच्या उजव्या हाताला. त्याची आई बाजूच्या खुर्चीत, तोंडावर खिडकीचा उजेड पडेल अशी, म्हणजे ओठ दिसतील. पंखा दोनवर, कारण पूर्ण वेगात तो खडखडतो. कुकर सकाळीच लावून झालेला. इतपत माझं. सबटायटल्स बंद ठेवायची हे ताईचं. कधी हसायचं तेही ताईनंच ठरवलं होतं. ती भाचीच्या डावीकडे बसणार आणि गुडघा दाबणार. दाबला की हसायचं.

अर्धा पिक्चर निभावला. सगळे हसले की ताईचा हात खाली जायचा आणि भाची किंचित उशिरा हसायची. पडद्यावर नायिकेचे वडील राहतं घर सोडायला निघाले होते. रिकाम्या स्वयंपाकघरात पाठमोरे उभे राहून ते मुलीशी बोलत होते, खांदे हलत होते. नेमकी तेव्हाच ताईच्या मांडीवरची पोह्यांची बशी घसरली. ती सावरताना तिचा दुसरा हात भाचीच्या गुडघ्यावर दाबला गेला.

भाची मोठ्यानं हसली.

मुलाच्या आईनं मान वळवली. हिला ऑफिसातलं काहीतरी आठवलं असेल, असं ताई म्हणाली. भाचीनं आईकडे बघितलं, टीपॉयवरचा रिमोट उचलला आणि पिक्चर थांबवला.

"ऑफिसातलं काही नाही. आईनं गुडघा दाबला म्हणून हसले," ती म्हणाली. "मला ऐकू कमी येतं. हा कान गेलाय, ह्याला मशीन आहे." तिनं केस मागे घेतले. "ते रडत होते का?"

"हो," मुलगा म्हणाला.

"मला वाटलं हसतायत."

इथून पुढची तयारी माझ्याकडे नव्हती. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली आणि हे आधी का सांगितलं नाही, असं ताईला विचारलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. ताई म्हणाली, "दोनदा सांगून बघितलं हो."

मुलगा थांबलेल्या पडद्याकडे बघत होता. मग भाचीकडे वळला. "कुठपासून कळलं नाही तुला?" तोवर तो तिला तुम्ही म्हणत होता.

भाचीनं खरंच विचार केला. "ती जिन्यावरून पडते ते कळलं. बाकी सुरुवातीपासूनच."

"मग सुरुवातीपासून लावू. ओळी कुठून येतात यात?"

ते बटण मला माहीत होतं.

त्याच्या आईनं घरच्या कामांची आठवण करून दिली, पण उठली नाही. रागानं बसली की कुतूहलानं, मला सांगता येणार नाही. रिकामं स्वयंपाकघर पुन्हा आलं तेव्हा भाची ओठ हलवत ओळी वाचत होती, आणि मुलगा पडद्याऐवजी तिच्याकडे बघत होता. शेवटी शंभर माणसांदेखत कबुली झाली, तेव्हा त्याची आई म्हणाली की एवढी गर्दी कशाला जमवायची, घरात बोलता येत नाही का. ताई हसली. त्या दुपारी पहिल्यांदाच मनापासून हसली असावी.

निघताना मात्र त्याची आई म्हणालीच, "घरी बोलून कळवतो." ताईचा चेहरा उतरला. मुलगा दाराशी चपला घालत होता. तो परत आत आला, भाचीच्या समोर उजेडात उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "पुढच्या... शनिवारी... मी... येतो."

"एवढं हळू नको," भाची म्हणाली. "मी बहिरी आहे, ढ नाही."

त्याच्या घरच्यांनी कळवायला बरेच दिवस घेतले. का घेतले, काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही. तोवर तो दर शनिवारी येत राहिला. आता साखरपुड्याच्या हॉलचं माझ्याकडे आहे. स्पीकर स्टेजपासून लांब ठेवायचे आणि फोटोवाल्यानं मुलीला डावीकडून हाका मारायच्या नाहीत, एवढं बजावून झालं आहे.

शनिवार चालूच आहेत. पडद्यावर ओळ आधी येते, वाक्य मागून. त्यामुळे हल्ली माझ्या घरी विनोद व्हायच्या आतच सगळे हसून मोकळे झालेले असतात. त्याची आई येते तेव्हा तिची तेवढीच एक तक्रार असते.