दा इद्देरचा तारा आणि मोहाचा उंबरा

डफ आगीवर शेकल्याशिवाय बोलत नाही, आणि डफ बोलल्याशिवाय आमच्या डोंगरात लग्न झालं असं कुणी मानत नाही. हे दा इद्देरला सांगायची गरजच नव्हती. तरुणपणी गावाच्या खळ्यावर डफ शेकायचं काम त्याचंच होतं. तोच माणूस सप्टेंबरातल्या एका दुपारी, ऐन लग्नाच्या दिवशी, बकरं ओढत मोहाच्या दाराशी आला, तेव्हा भिंतीआड भाकऱ्या थापणाऱ्या बायका खिदळल्या.

"आहेर आला गं! स्वतःच्या पायांनी चालत आला!"

"आहेर नाही," दा इद्देर म्हणाला. "मोहाला बाहेर बोलवा."

मोहा बाहेर आला. नवरदेवाचा बाप, नवा पांढरा पायघोळ जेलाबा, हातात चहाची किटली. त्याने आधी बकऱ्याकडे पाहिलं, मग दा इद्देरच्या हातातल्या सुरीकडे, आणि किटली खाली ठेवली. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर रक्त सांडून काही मागितलं, की नाही म्हणता येत नाही. आमच्याकडे याला 'आर' घालणं म्हणतात. खून माफ करायला आर घालतात, मोडलेली सोयरीक जोडायला घालतात.

"कुणाला मारून आलास?" मोहाने विचारलं.

"कुणाला नाही."

"मग आज माझ्या दारात सुरी कशाला?"

"तुझी आग विझवायची आहे. रात्रीची इशाची नमाज झाली, की खळ्यावरची आग विझव. आजची रात्र फक्त."

हे मागणं का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या गावाच्या खालच्या सोंडेवर वेधशाळा आहे. दा इद्देर तिथला राखणदार. आधी बर्फ झाडायचा आणि जनरेटर चालवायचा, मग छप्पर उघडायला शिकला, मग हळूहळू दुर्बीणसुद्धा. शहरातून येणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ डॉक्टर ज़होरबाईंनी त्याला एक तारा नेमून दिला होता. जवळचा, उजळ, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. त्याच्यासमोरून एखादा ग्रह गेला तर उजेड किंचित उतरतो, तेवढंच पकडायचं.

"किंचित म्हणजे किती?" दा इद्देरच्या बायकोने, आमच्या तुदाकाकीने, एकदा विचारलं होतं.

"भरल्या किटलीतून एक थेंब गेला तर."

"आणि तो तुला कळतो? जेवणात मीठ नसलं तर कळत नाही!"

तारा इतका उजळ, की तसाच धरला तर कॅमेरा आंधळा होतो. म्हणून दुर्बीण मुद्दाम धूसर करायची आणि ताऱ्याचा उजेड वाटीएवढा पसरू द्यायचा. गावाला हे समजल्यावर काय, चेष्टेला ऊतच आला. "दा इद्देर डोळे बिघडवून बघतो आणि म्हणतो, मला दिसलं!"

पण त्याला खरंच दिसलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या पाळीला त्या ताऱ्याचा उजेड उतरला, तळाशी सपाट राहिला आणि परत चढला. डॉक्टरांनी निबंध लिहून पाठवला. तो परत आला. कारण त्याच संध्याकाळी वर आमच्या गावात एक लग्न होतं. रात्रीचा वारा आमच्याकडे डोंगरावरून खाली उतरतो, आणि खळ्यावरचा धूर थेट वेधशाळेवरून जातो. परीक्षकांनी विचारलं होतं, हा ग्रह कशावरून, धूर कशावरून नाही?

गावाने त्या ताऱ्याचं नाव 'धुराचा तारा' ठेवलं. मशिदीच्या पायरीवरची म्हातारी माणसंसुद्धा सोडायची नाहीत. "काय दा इद्देर, आज किती ग्रह? चुलीतून निघाले की हुक्क्यातून?"

तो हसायचा. घरी आला की तुदाकाकीला म्हणायचा, "मी खोटं बोललो नाही गं."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असून काय उपयोग?"

हिशोबाप्रमाणे तो ग्रह परत यायची रात्र आणि मोहाच्या मुलाच्या लग्नाची रात्र एकच निघाली. यावेळीही धूर आला असता तर पुन्हा तीन वर्षं थांबायचं, आणि तोवर दुर्बीण दुसऱ्याच कामाला लागली असती. दा इद्देरचा शब्द कायमचा धुरात गेला असता.

दारात उभ्या मोहाने खळ्याकडे हात केला. मग म्हणाला, "वेड्या, आग नाही तर डफ नाही. डफ नाही तर अहवाशचा नाच नाही. बायका रात्रभर फेर धरणार, पाहुणे दोन खिंडी ओलांडून आलेत. त्यांना काय सांगू? झोपा?"

"हो."

"नवरीच्या आजीला तू सांग. मला जीव प्यारा आहे."

"मोहा, तीन वर्षं लोक माझ्यावर हसतायत. तूही."

"मी जास्त," मोहा म्हणाला.

दा इद्देर खाली वाकला. अक्रोडाच्या लाकडाच्या जुन्या उंबऱ्यावर रक्त सांडलं. मोहाने कपाळाला हात लावला.

"घातलीस ना आर? झालं. आज इशापर्यंत. पण उद्या मात्र सकाळ होईस्तोवर नाचणार आम्ही, आणि डफ तू शेकायचे!"

"मी शेकीन."

त्या रात्री इशानंतर खळं रिकामं झालं. पाहुणे कुरकुरत घराघरांत पांगले, नवरीची आजी दा इद्देरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आत गेली. निखाऱ्यांतून अजून धूर निघत होता, म्हणून तुदाकाकी बादली घेऊन मागे थांबली. नवऱ्याच्या ताऱ्यावर एक रेघही नको, असं तिला वाटत होतं. ती तिसरी बादली ओतत होती, तेव्हा डोंगर हलला.

तिने मला सांगितलं ते एवढंच: आधी कुत्री गप्प झाली. मग पायाखालून रणगाडा गेल्यासारखा आवाज. मग गाव होतं तिथे धूळ. खळ्यावरचा एक दगडसुद्धा सरकला नव्हता.

मोहा खेचरांना पाणी पाजायला बाहेर आला होता. त्याची बायको, मुलगा, नवी सून, नवरीची आजी आणि दोन खिंडी ओलांडून आलेले पाहुणे माती-दगडांच्या छपरांखाली राहिले. दा इद्देर सोंडेवरून धावत वर आला आणि सकाळपर्यंत त्याच्या बोटांना नखं राहिली नव्हती.

नंतर तंबू आले, तांदूळ आले, पत्रकार आले. गावात दा इद्देरला कुणी एक शब्द बोललं नाही. आरेचं तसंच असतं. मान दिला, की पुढे त्यातून काहीही होवो, मागणाऱ्याला बोल लावायचा नसतो. लोक त्याला चहा द्यायचे, सरकून जागा द्यायचे. मशिदीच्या पायरीवर आता चेष्टा करणारं कुणी नव्हतं. पायरीही नव्हती.

"ओरडले असते तर बरं झालं असतं," तो तुदाकाकीला म्हणाला.

"मी ओरडू?" ती म्हणाली. "तुझ्या बादलीमुळे जगलेली मी. मी कुठल्या तोंडाने ओरडू?"

वसंतात डॉक्टर ज़होर आल्या. तंबूत बसल्या, हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"दा इद्देर, तो ग्रहच आहे," त्या म्हणाल्या. "ताऱ्यापुढे शिरताना आपल्या दुर्बिणीने पकडला, डोंगर हलल्यावर बाहेर पडताना समुद्रातल्या एका बेटावरच्या दुर्बिणीने. दोन्ही जोडले. निबंध स्वीकारला गेलाय. तारा उजळ आहे, जवळ आहे, म्हणून आता मोठ्या दुर्बिणी त्या ग्रहाची हवासुद्धा तपासणार. तुमचं नाव आहे त्यात."

"धूर नव्हता?"

"अजिबात नव्हता. त्या रात्री आकाश धुतल्यासारखं होतं."

"हो," दा इद्देर म्हणाला. "मीच धुतलं."

डॉक्टर गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याने एक बकरं विकत घेतलं आणि मोहाच्या तंबूकडे निघाला. तुदाकाकी मागून गेली, म्हणून मला हे ठाऊक.

मोहा तंबूबाहेर दगडावर बसला होता. त्याने बकरं पाहिलं, सुरी पाहिली.

"आता काय विझवायचं राहिलंय?"

"मोहा, मला शिव्या दे. सगळ्यांसमोर दे. माझ्यामुळे गेले म्हण. एवढंच मागतो."

"आर घालतोस?"

"घालतो."

मोहाने तंबूच्या तोंडाशी पाहिलं. तिथे ताडपत्री होती, दोरी होती आणि खाली चिखल.

"कुठे घालणार?" तो हळूच म्हणाला. "उंबरा कुठाय?"

दा इद्देरने सुरी खाली केली.

"उंबऱ्याशिवाय आर नसते. बकरं परत ने, इद्देर. थंडी आहे. चहा घेऊन जा."

चहा न घेताच तो परतला. त्या दिवसापासून त्याने रात्रीची पाळी सोडली. सकाळ झाली की कुदळ घेऊन मोहाच्या घराच्या ढिगाऱ्यावर जातो आणि दगड एकेक करून बाजूला लावतो. मोहा खळ्यावरून बघत असतो. थांब म्हणत नाही, मदतही करत नाही.

परवा मीच न राहवून म्हटलं, "दा, अक्रोडाचा उंबरा बुधवारच्या बाजारात मिळेल की. सुतार एका दिवसात करून देईल."

त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

"तो नको," म्हणाला. "रक्त लागलेला पाहिजे."