सावरीच्या जागी स्टेज

आमच्या अहमदपूरच्या निसर्ग मंडळाने लावलेली आणि जगलेली झाडं बोटांवर मोजता येतील. किस्से मात्र खतपाण्याशिवाय वाढतात. यंदाच्या वसंतात तर इतके जमले की एक सांगायला बसावं तर दुसरा मधेच तोंड घालतो.

यंदा मला एकच काम होतं: तळ्याकाठची जुनी काटेसावर वाचवायची. तिच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याची जोडी घर कोरत होती, आणि मंडळाला नेमकं तिच्याच जागी निसर्ग शिक्षणाचं पक्कं स्टेज हवं होतं. आमचे अध्यक्ष आबा, निवृत्त हेडमास्तर. मी बैठकीत विचारलं, "आबा, निसर्गावर बोलायला झाड तोडायचं?"

"पोरी, स्टेजवर झाडांवरच तर बोलणार हावोत."

बाकीच्या सहा टाळक्यांनी माना डोलावल्या. ठराव मंजूर.

*

पक्षी निरीक्षण. सकाळी सहाला चाळीस मुलं तळ्यावर हजर. उद्घाटनाला पाहुणे यायचे होते, म्हणून साडेआठपर्यंत सगळी सतरंजीवर. तेवढ्यात आबांनी माईक तपासायला घेतला. "हॅलो, हॅलो, चेक." बगळे उडाले, ढोकरी उडाल्या, वेड्या राघूंची तार रिकामी झाली.

नऊ वाजता आबा दुर्बीण लावून मुलांना सांगत होते, "बघा, पक्ष्यांची संख्या किती घटायलीय."

*

पानं ओळखा स्पर्धा. जो जास्त पानं आणेल त्याला बक्षीस, हा नियम आबांचा. मी म्हटलं, खाली पडलेलीच आणायची असं लिहा. "तेवढं कळतंय लेकरांना." दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणालगत आम्हीच लावलेल्या रोपांच्या जागी नुसत्या काड्या उभ्या. आबांनी वाकून पाहणी केली.

"पानगळ हाय."

*

पळसाच्या रंगाची कार्यशाळा. "नैसर्गिक रंग, एका पाण्यात जातोय," म्हणत आबांनी तांब्याभर रंग स्वतःच्याच डोक्यावर ओतला. पांढरे केस केशरी झाले. तीन पाण्यांनंतरही केशरीच. दुसऱ्या दिवशी पुतण्यासाठी मुलगी बघायला जळकोटला जायचं होतं. गेले.

मुलीच्या आजीने त्या डोक्याकडे बघून हळूच विचारलं, "नवरदेव ह्येच का?"

*

मग आलं स्टेजचं भूमिपूजन, सावरीखालीच. पूजा आटोपली की लाकूडतोडे खाजामामा करवत घेऊन वर चढणार, असं ठरलेलं. पाहुणे म्हणून येणाऱ्या आमदारांना आबांनी झाडाचं सांगितलंच नव्हतं. 'मोकळी जागा' म्हणून कळवलं होतं. सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण म्हणे मुलींचा आवाज गोड असतो.

या पाहुण्यांची सवय सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. दिवसाला चार कार्यक्रम असतात. सूत्रसंचालक ज्याचं नाव घेईल त्याला ते शाल घालतात, तोंडही बघत नाहीत. मी माईक धरला.

"आता सत्कार आपल्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याचा. किती पाखरं पोसली, पण कधी भाषण केलं नाही."

आबांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि उठले.

"सत्कारमूर्ती, आपली सावर."

पाहुणे शाल उलगडून उभेच होते. तसेच चालत गेले आणि खोडाला घातली. काट्यांनी ती घट्ट धरली. फोटो निघाले, मुलांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात मागून खाजामामांनी हाक दिली, "आबा, लावू का करवत?"

पाहुणे वळले. "करवत कशाला?"

आबांनी शालीकडे बघितलं. मग कॅमेऱ्यांकडे.

"केक कापायला, साहेब. सावरीचा वाढदिवस हाय."

खाजामामांनी करवत गोणपाटात गुंडाळली.

"अरे वा," पाहुणे म्हणाले, "कितवा?"

मी माईक आबांच्या तोंडापुढे धरला.