वासाची ओळख परेड

ती घटना आजही आठवली की माझं डोकं फिरतं. आरोपीपेक्षा आमच्याच लोकांचा राग जास्त येतो, आणि त्यात मीही आले.

सातवी पास होऊन मी पोलिसात भरती झाले, जमादार म्हणून निवृत्त झाले. रांजणगावच्या कंपन्या नुकत्या सुरू झाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर भरदुपारी कडब्याची गंज पेटली. लगतच्या छपरात बांधलेली गाभण म्हैस जळून मेली. मालकाच्या धाकट्या भावानं ठाण्यात खबर दिली की, गड्याला रॉकेलचा डबा घेऊन गंजीकडे जाताना त्यानं स्वतः पाहिलं. गडी दौंडकडचा, आदल्या दिवशी मालकाच्या शिव्या खाल्लेला. झालं. त्याला अटक केली. पंचनाम्यात मी ‘रॉकेलचा उग्र वास’ असं लिहिलं.

दोन दिवस चौकशी चालली. गडी आधी नाही म्हणाला, मग रडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणता तर मीच लावली. पर मला झोपू द्या."

साहेब खूश. मला पटेना. गंजीची कुठली बाजू आधी पेटली तेही त्याला सांगता येत नव्हतं. त्याची बायको तान्हं पोर घेऊन व्हरांड्यात बसलेली, उठायचं नाव नाही. कोठडी संपत आली होती, दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा कोर्टात उभं करायचं होतं.

कबुलीच्याच दिवशी, वरिष्ठांची तपासणी येणार म्हणून ठाण्याच्या फाटकाला रंग चालला होता. गड्याच्या बायकोसाठी वस्तीवरचे मेंढरंवाले आप्पा भाकरी घेऊन आले आणि फाटकातच थबकले.

"बाई, ह्यो वास कशाचा? आग लागायच्या आधी गंजीपाशी ह्योच हुता."

रंगात घालायचं थिनर होतं ते. तीन दिवस का बोलला नाहीत, असं मी विचारलं, तर यांचं वेगळंच. वीस वर्षं नाकात मांस वाढलेलं, वास म्हणून कसला तो नाही. पुण्यात ऑपरेशन करून ते काढलं. सूज उतरल्यावर, महिन्याभरानं वास येऊ लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं, सुरुवातीला वास उलटसुलट येतील, घाबरू नका. आप्पांना वाटलं, हा त्यातलाच.

"पहिल्या दिशी बायकूला म्हणलं, घरात काय मेलंय? तर म्हणती, तुमचं घोंगडं हाय."

साहेब हसत सुटले. ज्याला वीस वर्षं मेंढरांचा वास आला नाही, तो आता साक्षीदार, म्हणाले. मी वैतागून ओळख परेडच लावली. कागदात गुंडाळलेल्या पाच बाटल्या: रॉकेल, डिझेल, जप्तीची हातभट्टी, थिनर आणि साधं पाणी. आप्पांच्या डोळ्यांवर त्यांचंच उपरणं बांधलं. बाटल्यांच्या जागा बदलून तीन वेळा हुंगायला लावलं. तिन्ही वेळा बोट थिनरवर. पाण्याच्या बाटलीला मात्र घाबरले.

"ह्यात कायच न्हाई. नाक परत गेलं का काय?"

साहेबांचं हसू थांबलं. वस्तीवर थिनर कुणाकडे असणार? खबर देणारा धाकटा भाऊ कंपनीत पेंट शॉपला कामाला होता. झडतीत त्याच्या पलंगाखाली अर्धा कॅन निघाला. म्हणाला, कपड्यांचे डाग काढायला आणलंय. मी आप्पांच्या नाकाचं सांगितलं. मग थोरल्यानं बांध कोरून आपली जमीन कशी खाल्ली त्याचं रडगाणं सुरू केलं.

"बांध म्हशीनं कोरला होता का?" मी विचारलं.

कोर्टाला तसा अहवाल देऊन गड्याला सोडलं. धाकट्या भावावरचा खटला उभा राहीपर्यंत दोन वर्षं गेली, आणि तोवर आप्पांच्या नाकात मांस पुन्हा वाढलं. त्याच्या वकिलानं भर कोर्टात बाटली नाकाशी धरली. आप्पा खोटं बोलणारे नव्हते.

"कायच येत न्हाई, साहेब."

भाऊ सुटला. आप्पांवर मी चिडले नाही. नाक काय त्यांच्या हातात होतं? पण पंचनाम्याला आम्ही चौघं होतो, चौघांची नाकं धडधाकट. गंजीच्या कडेला न जळलेल्या पेंढ्या पडल्या होत्या. एकानंही वाकून हुंगलं नाही. धाकट्यानं रॉकेल म्हटलं, आम्ही रॉकेल लिहिलं. वास आम्ही कानानं घेतला.

तो पंचनामा माझ्याच अक्षरात आहे.