मानकऱ्यांची हॉकी

रघोजी चोपदार तंजावुरात सगळ्यांत जोरात पळायचा. कोर्टाचा बेलिफ होता तो. समन्स पाहून बांधावरून पळालेला प्रतिवादी तो पुढच्या कालव्यापाशी हटकून गाठायचा. मेलवीथी आळीच्या हॉकी क्लबाने त्याला सहा वर्षे गोलात उभे केले होते.

याचे कारण हॉकीत नव्हते. क्लबाचे मॅनेजर कल्याणरामराव यांच्या घरी दरबाराची जुनी यादी होती : कोणी कुठे बसायचे, कोणाला विडा कितवा. राज्य खालसा होऊन ऐंशी वर्षे झाली होती. तोफा गेल्या, हत्ती गेले. यादी तेवढी राहिली, कारण ती जप्त करण्याचे कंपनी सरकारला सुचले नाही. लग्नाच्या पंगती अजून तिच्याप्रमाणेच बसत. मग हॉकीच्या अकरांनी काय घोडे मारले होते? पुढच्या फळीतली मधली जागा सर्वांत मानाची, म्हणून ती अमरसिंहराव सरदारांची. रघोजीचा पणजा महालाच्या दारावर उभा राहायचा. आणि गोल म्हणजे दारच.

अमरसिंहराव पंचेचाळिशीचे, देहाने भरदार. चेंडू आपल्याकडे आणून द्यावा, आपण त्याच्यामागे धावणे बरे दिसत नाही, असे त्यांचे मत. सहा वर्षांत त्यांनी एकही गोल केला नाही आणि मान राखायचा म्हणून दुसऱ्या कोणी केला नाही.

रघोजीला फक्त पुढे खेळायचे होते. गुडघा कुरकुरू लागण्याआधी, एकदा तरी.

१९३५ साली शेजारच्या पापनाशम गावाच्या संघाने नऊ गोल चढवले, तेव्हा क्लबाने शिक्षक आणला : त्रिचनापल्लीच्या पलटणीतला पेन्शनर हवालदार, नटराज. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना मैदानभर पळवले. अमरसिंहराव सावलीत बसून ते पाहत होते.

“सार, हा गोलात का?” हवालदाराने रघोजीकडे बोट दाखवले.

“त्याची जागा ती आहे,” कल्याणरामराव म्हणाले.

“कोणी ठरवली?”

“महाराजांनी.”

“ते कुठे आहेत?”

“हवालदार, तुम्ही हॉकीचं तेवढं बघा.”

त्या संध्याकाळी रघोजीने बायकोला, कमलाक्षीला, हे सांगितले. ती रसम वाढत होती.

“यादी दरबाराची ना? मग दरबार भरतोय कुठं?” ती म्हणाली. “अकरा जण काठ्या घेऊन मैदानात निघालात, म्हणजे ती सवारी झाली. सवारीत पुढं कोण चालायचं?”

“आम्ही. चांदीची काठी घेऊन.”

“आणि सरदार?”

“ते मागं. जितका मान मोठा, तितका...” रघोजीचा हात पानावरच थांबला.

“रसम निवतंय,” कमलाक्षी म्हणाली.

रघोजीने हे कानावर घातल्यावर कल्याणरामरावांनी दोन दिवस यादी तपासली. तिच्या पाठीमागे दसऱ्याच्या सवारीचा क्रम निघाला. माणूस प्रामाणिक, लिहिले ते लिहिले. रघोजी सर्वांत पुढे गेला आणि अमरसिंहराव सर्वांत मागे, गोलात. त्यांनी ती बढती समजून स्वीकारली. हवालदार पाठ वळवून बराच वेळ मिशी साफ करत राहिला.

पुढच्या सामन्यात पापनाशमला गोलच दिसेना. अमरसिंहरावांनी दरवाजा बहुतेक सगळा नुसत्या उपस्थितीने बंद केला होता. चेंडू दोनदा त्यांच्या अंगावर आपटून परत गेला. दोन्ही वेळा त्यांनी “कोण आहे रे तिकडे?” एवढेच विचारले.

शेवटची पाच मिनिटे. रघोजी तिघांना मागे टाकून पापनाशमच्या गोलासमोर पोहोचला. समोर एकटा गोलकीपर. तेवढ्यात मैदानाच्या कडेवरून कल्याणरामराव किंचाळले, “रघोजी, थांब! चोपदार दाराशी थांबतो! आत मानकरी जातात!”

यादीत तसे होतेच. रघोजी थांबला. जवळचा मानकरी वीस पावले मागे धापा टाकत होता.

“मार, डा!” हवालदार आपल्या तमिळ ढंगात ओरडला.

सहा वर्षे वाट पाहिलेला गोल पुढे आणि पणजोबा पाठीशी. रघोजीने छाती भरून घेतली आणि खानदानी आवाजात ललकारी दिली, “श्रीमंत अमरसिंहराव सरदार येत आहेत हो!”

कोण येतेय ते पाहायला पापनाशमच्या गोलकीपरने मान उंचावली. रघोजीने काठी फिरवली, चेंडू आत गेला.

वहीत गोल अमरसिंहरावांच्या नावे लागला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून केलेल्या त्या गोलाबद्दलचे अभिनंदन त्यांनी मोठ्या नम्रपणे स्वीकारले. रघोजीने हरकत घेतली नाही. त्याला पुढची जागा हवी होती, ती मिळाली. गुडघा कुरकुरत असतानाही तो आणखी अकरा वर्षे तिथे खेळला. पापनाशमचा गोलकीपर पुढे मान उंचावेनासा झाला, तरी गोल होत राहिले. सगळे ललकारीसकट, मानाच्या क्रमाने, एकेका घराण्याच्या नावे.

कल्याणरामरावांनी तक्रार एकदाच केली. पावसात, घाईघाईत, रघोजीने एका घराण्याच्या धाकट्या पातीचे नाव थोरल्या पातीच्या आधी घेतले होते. तो गोल त्यांनी बाद धरला.