अळणी भातातला खडा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींची टर उडवणाऱ्यांतली. महाप्याच्या एका कंपनीत सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग करते; भिंगाखाली दिसलं नाही तर ते नाहीच, हा माझा खाक्या. त्यात सहा वर्षं बायपोलरची गोळी चालू आहे, म्हणजे "तुला भास झाला असेल" म्हणायला लोक मोकळे. म्हणू देत. पण त्या भाताची चव तिघांनी घेतली होती.

आमचं घर उलव्यात, सातव्या मजल्यावर. मी, नवरा आणि सासूबाई. माझं माहेर साताऱ्याकडचं, म्हणून सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणते. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. उभं आयुष्य मिठागरात काढलेला माणूस... न विचारता कुणाच्याही ताटात खडेमिठाची चिमूट टाकायची, ही त्यांची खोड. आत्या करवादायच्या. मी तर ताटावर हात झाकूनच जेवायचे.

आजार पहिल्यांदा उसळला तेव्हा मी चार दिवस झोपले नव्हते आणि हॉलच्या भिंतीवर मार्करने सर्किटं काढली होती. लिथियमने मला माणसांत आणलं. हा एक प्रकारचा क्षारच आहे, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या तेव्हा मामा खूश झाले. नातेवाईक विचारायचे, "हिच्या गोळ्या कधी सुटणार?" मामा त्यांनाच उलटं विचारायचे, "मीठ रोज खाताव ना? ते कवा सुटनार, इचारताव का? गोली पन तशीच हाय."

पण या गोळीने हात थरथरतो. बारीकच – तरी सोल्डरिंगच्या टोकाला तेवढं पुरतं. श्रावणाच्या आधी माझ्या हातून दोन बोर्ड जळाले आणि सुपरवायझरने मला पॅकिंगला बसवायची भाषा काढली. बारा वर्षांचं काम हातातून जाणार म्हणून मी खूप रडले. आणि मग, कधी देवळाची पायरी न चढलेल्या मी नवस केला – एकवीस दिवस मीठ सोडते, देवा, तू माझ्या गोळ्या सोडव. डॉक्टरांना सांगण्यासारखं त्यात काय होतं? मीठच तर सोडलं होतं.

दहाव्या दिवसापासून थरथर वाढली. पोट बिघडलं, चालताना तोल जायला लागला. उपासाचा अशक्तपणा म्हणून मी तसंच रेटलं.

पंधराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, माझा अळणी भात वेगळ्या पातेल्यात केला, पहिला घास घेतला आणि थुंकला. खारट ढोण. मला वाटलं, आत्यांना माया आली.

"बाय, मी कशाला टाकू गो मीठ? देवाचा उपास हाय तुजा," आत्या चिडल्या.

नवस मोडू नये म्हणून तो भात फेकला आणि केळं खाल्लं. रविवारी पातेलं स्वतः घासलं, पाणी स्वतः ओतलं, गॅससमोरून हलले नाही. पुन्हा तेच. नवऱ्याला चाखायला दिला. "हे काय, अख्खं पाकीट ओतलंस का?" म्हणत तो बेसिनकडे धावला. आत्यांनी एक शीत जिभेवर ठेवलं आणि त्या खालीच बसल्या. पातेल्याच्या तळाशी एक खडा होता. हरभऱ्याएवढा, करडा. आमच्याकडे पाकिटातलं बारीक मीठ असतं. मामा गेल्यापासून खडेमीठ घरात आलेलं नाही.

मी घाबरले नाही, भडकले. डॉक्टर मॅडमना फोन लावला तोही भांडायलाच – तुमच्या गोळीने हात गेला, उपाय म्हणून मीठ सोडलं तर घरात तेही सुखाने करू देत नाहीत...

"किती दिवस सोडलंय मीठ?" त्यांनी मला मध्येच तोडलं.

"सोळा."

"पुढची गोळी घेऊ नका. मिस्टरांना घेऊन आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला या."

रक्तातलं लिथियम धोक्याच्या पुढे गेलं होतं. तीन दिवस सलाइन लावलं, म्हणजे मिठाचंच पाणी. माझा नवस सुईतून मोडला. मॅडमनी समजावलं, अंगात मीठ कमी पडलं की किडनी लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवते, आणि मग औषधाचंच विष होतं. एकवीस दिवस पुरे केले असते तर कदाचित बोलायला मी उरले नसते. "थरथरीचं मला आधीच सांगायचं होतं. डोस कमी करता येतो, त्यावर वेगळी गोळीही असते," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आता डोस बदललाय. थरथर पुरती नाही, पण बरीच थांबलीय, आणि मी माझ्या बेंचवर परत आहे. गोळी मी सोडणार नाही. कुणी "कधी सुटणार?" विचारलंच, तर मामांचं उत्तर तोंडावर फेकते.

तो खडा मी भिंगाखाली पाहिला. मीठच होतं. बंद पातेल्यात कुठून आलं, हे मला सांगता येत नाही, आत्या मामांचं नाव घेतात, ते मला पटवून घेता येत नाही. एवढंच, की हल्ली जेवताना मी ताटावर हात झाकत नाही.